आठव्या पानाचा माथा

१

असिलकानने स्वतःच्या सहीचा अहवाल उघडला आणि सातव्या पानावर तिला दुसऱ्याच कुणाचं तरी म्हणणं वाचायला मिळालं.

मंत्रालयातल्या त्या लांब टेबलापाशी मी तिच्या शेजारीच बसले होते. तिने ते पान एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"एजे, हे मी लिहिलेलं नाही."

एजे म्हणजे थोरली बहीण. मी जलसर्वेक्षण संस्थेची कायदा अधिकारी, कालिपा. पण अर्ध्या संस्थेला माझं नावही आठवत नसेल, सगळ्यांची मी एजेच.

असिलकान आमच्या संस्थेत डोंगरातले तलाव मोजते, आणि तिने काय लिहिलं होतं ते मला ठाऊक होतं. अर्चाली गावाच्या डोक्यावर, बर्फाच्या पायथ्याशी ताश-कोल नावाचा तलाव आहे. त्याचा बांध वरून दगडमातीचा दिसतो, पण पोटात बर्फ आहे आणि तो बर्फ वितळतोय. ज्या दिवशी बांध सुटेल त्या दिवशी चिखलदगडांचा लोंढा जुन्या कोरड्या नाल्यातून खाली येणार. आणि नेमकं त्याच नाल्याच्या तोंडाशी मुलांच्या उन्हाळी शिबिराची वसाहत बांधायचं घाटत होतं. 'इथे काहीही बांधू नये,' असं तिने अर्धं पान भरून, मोजमापांसकट लिहिलं होतं. छापलेल्या अहवालात त्या जागी दोनच ओळी होत्या. तलाव सध्या स्थिर आहे. बांधकामास हरकत नाही.

समोरचा अधिकारी गालात हसला. त्याने अहवाल उलटा करून पाठ दाखवली. आमच्याकडे महत्त्वाचा सरकारी कागद दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवतात. मागे गाठ मारतात, गाठीवर चिठ्ठी चिकटवतात आणि अर्धा चिठ्ठीवर, अर्धा पानावर असा गोल शिक्का उमटवतात. एक पान जरी बदलायचं म्हटलं तरी दोरा कापावा लागतो, चिठ्ठी फाटते आणि शिक्का तुटतो.

"दोरा शाबूत, गाठ शाबूत, शिक्का शाबूत," तो म्हणाला. "सही तुमचीच ना, बाई?"

"माझीच."

"मग झालं तर."

मी अहवाल खिडकीपाशी नेला. चिठ्ठीची कड नखाने चाचपून पाहिली, शिक्क्याची रेघ उजेडात धरून पाहिली. माणूस खरं बोलत होता, त्या दोऱ्याला कुणी हातही लावलेला नव्हता. पान बदललेलं नव्हतं आणि असिलकान खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, ते काही केल्या मला कळेना.

२

आमचे संचालक एर्किन सागिनोविच यांना मात्र सगळं कळलेलं होतं.

"पोरगी घाबरली," ते मला म्हणाले. "आधी हरकत नाही असं लिहून बसली, मग गावकऱ्यांनी डोळे वटारले तशी पलटली. खात्याअंतर्गत चौकशी तुम्हीच करा. अर्चालीतल्या जनसुनावणीच्या आधी संपवा. तिच्याकडून खुलासा लिहून घ्या, की सही माझी, चूक माझी. एका पानाचं तर काम आहे."

चौकशी सुरू व्हायच्या आत तिचा निकाल हातात ठेवायचा, ही त्यांची जुनी खोड. एरवी मी मूग गिळून बसले असते, असं खुशाल समजा. पण मला त्या दिवशी फार राग आला. मुलांच्या उशाशी लोंढा आणून ठेवायचा आणि वर एका पोरीकडून माफी लिहून घ्यायची! शिबिराचं कंत्राट कुणाकडे आहे हे राजधानीत, सगळ्या बिश्केकला माहीत होतं. संचालकांच्या मुलीच्या सासऱ्यांकडे. आमच्याकडे व्याह्याचा शब्द म्हणजे खाली पडू द्यायचा नसतो.

मी असिलकानच्या खोलीत गेले तेव्हा ती बूट चढवून बसली होती. डोंगरावर घालायचे, खिळ्यांचे.

"कुठे निघालीस?"

"अर्चालीला. घरोघर जाऊन सांगते. एजे, तुम्ही तो खुलाशाचा कागद आणलाय ना? द्या इकडे, चहाचा समोवार पेटवायला होईल."

"तोंड आवर. घरोघर सांगशील आणि ते तुझीच सही तुझ्या नाकासमोर नाचवतील. आधी मला सांग, मसुदा तुझ्याकडे आहे?"

तिने संगणकावर दाखवला. अर्धं पान भरून इशारा जसाच्या तसा होता.

"पण ते म्हणतात की हा मी नंतर घुसडला," ती म्हणाली. "मी पेन ड्राइव्ह आवक-जावकच्या खिडकीतून लिदिया फ्योदोरोव्नांना दिला, दुपारी त्यांनी बोलावलं, शेवटचं पान उघडून ठेवलं होतं, सही केली. पुन्हा वाचलं नाही. तोच मजकूर मी शंभरदा वाचला होता हो!"

"खिडकीच्या आत गेली होतीस?"

"आत? त्या आम्हाला आत घेतात कुठे? मागच्या वर्षी मी नुसता कोपर आत घातला तर पट्टी मारली हातावर." मग ती एकदम थांबली. "एजे, मी खुलासा लिहिणार नाही. नोकरी गेली तरी नाही. त्या शिबिरात पोरं झोपणार आहेत."

तिचा आवाज थरथरला नाही. मी उगाच तिच्या बुटांवरून तिला बोलत बाहेर पडले.

३

लिदिया फ्योदोरोव्नांचा आवक-जावक विभाग म्हणजे त्यांचं राज्य. एक टेबल, एक म्हातारा संगणक, दाभण, दोऱ्याची रिळं आणि आत कुणी यायचं नाही असा दंडक. मी कायदा अधिकारी, तरी मलाही त्यांनी खिडकीबाहेरच्या स्टुलावर बसवलं.

"माझ्यावर संशय आहे का?" त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"आहे."

"बरंय. खरं बोललीस. विचार."

त्या दिवशी त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, मसुदा उघडला आणि हेडरचं बटण दाबलं. हेडर म्हणजे पानाच्या माथ्यावरची पट्टी. संस्थेचं नाव, जावक क्रमांक, पानाचा क्रमांक आणि त्या पानाच्या पहिल्या ओळीत जे प्रकरण चालू असेल त्याचं नाव, एवढं तिच्यात असतं. मसुद्यात कुणी हेडर टाकायचं नाही, ते फक्त इथे, याच संगणकावर पडतं, असा संस्थेचा नियम आहे.

"पट्ट्या पडल्या. मग मी शिक्का आणायला संचालकांकडे गेले, तो त्यांच्या तिजोरीत असतो. ते म्हणाले, बसा."

"मग?"

"मग मी बसले! इतक्या वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा बसा म्हटलं. बरं वाटत नाही की काय, असं मनात आलं माझ्या. तर नाही, व्याह्यांच्या साठीच्या जेवणात बोलायचं भाषण लिहिलं होतं, ते वाचून दाखवायचं होतं. पूर्ण वाचलं. मधे घोड्याचीही एक गोष्ट होती."

"आणि इथे कोण होतं?"

"बाहेरचं दार मी लावून गेले. आतलं दार सचिव तेमिरकानच्या खोलीत उघडतं, ते कशाला लावू? आणि वितालिक इथे यंत्राची धूळ झाडत होता." त्यांनी दोरा दाताने तोडला. "परत आले, छापलं. दोन प्रती. शिवल्या, सही घेतली, शिक्का मारला, मसुदा पुसून टाकला. माझ्याकडे मसुदे राहत नाहीत."

"छापलेलं वाचलं नाहीत?"

"मी वाचत बसले तर शिवणार कोण, तू? एवढं मात्र ऐक. पट्ट्या पडल्यावर स्वल्पविरामालाही हात लावायचा नाही. लावलाच, तर बटण पुन्हा दाबायचं. हे मी झोपेतही करते."

वितालिक त्सोय, आमचा संगणकवाला, मला जिन्यात सापडला. हातात गरम सम्सा, म्हणजे भट्टीतला खिम्याचा समोसा, ओठाला तूप.

"एजे, मला ठाऊक होतं, तुम्ही माझ्याकडे येणार," तो म्हणाला. "तो मॅक्रो मीच लिहिलाय. मॅक्रो म्हणजे काही भूत नव्हे हो. एकदा शिकवून ठेवलेली कामं एका बटणाने करून घ्यायची, एवढंच. पूर्वी प्रत्येक जण हाताने माथे लिहायचा आणि तिघांचे तीन तऱ्हांचे निघायचे."

"मॅक्रो मजकूर बदलू शकतो?"

"तसा लिहिला तर बदलेल. मी नाही लिहिला. येऊन बघा, सगळा कोड उघडा ठेवतो."

"पट्ट्या पडल्यावर मजकूर बदलला तर?"

"पट्टी होती तशीच राहते. प्रकरणाचं नाव तिच्यात लिहून टाकलेलं असतं, थिजलेलं. आपोआप बदलणारंही करता आलं असतं, पण लिदिया फ्योदोरोव्नांचं यंत्र दर अक्षराला धापा टाकायला लागलं. म्हणून बटण ठेवलं."

"लिदिया शिक्का आणायला गेल्या तेव्हा तू कुठे होतास?"

त्याने हातातल्या सम्साकडे पाहिलं. "हेच आणायला गेलो होतो. कोपऱ्यावर. त्या गेल्या, मागोमाग मीही गेलो. बाहेरच्या दाराची माझ्याकडेही किल्ली आहे." मग हळूच म्हणाला, "मला जाताना कुणी पाहिलं नाही, एजे. त्याचं काय करायचं?"

मी त्याचं नाव वहीत टिपून घेतलं.

४

तेमिरकान बायके संस्थेचे वैज्ञानिक सचिव. बायके म्हणजे थोरला भाऊ. कामाला हात लावायचा नाही आणि कामाच्या बातमीत फोटो चुकवायचा नाही, अशी त्यांची ख्याती. संचालक निवृत्त झाले की खुर्ची त्यांना मिळणार, हे ठरल्यासारखंच होतं. त्यांनी मला चहा ओतला. आमच्या पद्धतीप्रमाणे पेला अर्धाच भरला, म्हणजे पाहुणीने बसावं. मी बसले.

"ती मुलगी गुणी आहे," ते म्हणाले. "पण डोंगरात फार राहिलं की माणूस हट्टी होतो. तू तिला समजाव, कालिपा. खुलासा लिहिला तर मी स्वतः तिची रदबदली करीन."

"बायके, त्या दिवशी लिदिया शिक्का आणायला गेली तेव्हा तुम्ही इथेच होतात?"

"इथेच. वाचत होतो. शेजारी कोण आलं, कोण गेलं, मला काय माहीत!"

"अहवालाच्या पट्ट्या तुम्ही तपासता का? ते हेडर?"

ते मोठ्याने हसले. "अगं, ते काय तपासायचं? आता सगळं आपोआप होतं. मजकूर हलला की वरची पट्टीही हलते. वितालिकने मॅक्रो बसवलाय ना, म्हणून तर बसवलाय. आपण दोघं म्हातारे झालो, कालिपा, जग पुढे गेलं."

मी मान डोलावली आणि चहा संपवला. चहा मात्र चांगला होता.

खोलीत येऊन संस्थेची प्रत घेऊन बसले. ती मी इतक्यांदा वाचली होती की सातवं पान पाठ झालं होतं. चिडून मी सातवं सोडून पुढे गेले. आठव्या पानावर चौथं प्रकरण सुरू होतं, अगदी पहिल्या ओळीपासून. 'मोजणीच्या नोंदी.' पाण्याची खोली, बर्फाचं तापमान, कुठे कुठली काठी रोवली, असलं सगळं. पानभर तेच.

मग माझी नजर माथ्यावर गेली.

पट्टीत लिहिलं होतं, 'प्रकरण ३. धोका.'

आठव्या पानावर धोक्याचा एक शब्द नव्हता, आणि माथ्यावर मात्र धोका होता. मी उठून दार लावलं. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं.

५

लिदिया आणि बायके जेवायला गेल्यावर वितालिकला आवक-जावकच्या यंत्रापाशी नेऊन मी असिलकानचा मसुदा त्याच्या हातात दिला आणि फक्त बटण दाबायला सांगितलं. त्याने दाबलं. मग मी त्याला मंत्रालयातल्या प्रतीसारखा, दोन ओळींचा मजकूर घालून तेच करायला सांगितलं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्याने माथे वाचले. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"एजे..."

"गप्प. जनसुनावणीच्या सकाळपर्यंत एक अक्षर नाही."

मग मी थेट संचालकांकडे गेले आणि अगदी गरीब चेहरा केला.

"एर्किन सागिनोविच, चौकशी पक्की करायची तर तुमच्या हातचा एक दाखला हवा. अहवालाचा दोरा, गाठ, शिक्का शाबूत आहे, आणि दोन्ही प्रतींतलं एकही पान छापल्यानंतर बदललेलं नाही. म्हणजे उद्या कुणी तोंड वर काढायला नको."

त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी स्वतः मजकूर सांगितला, माझ्यापेक्षा कडक सांगितला. 'बदलणे सर्वथा अशक्य आहे,' हे त्यांचेच शब्द. सही केली, तिजोरीतून शिक्का काढून स्वतःच्या हाताने मारला. एक प्रत मी त्यांच्या डोळ्यांदेखत मंत्रालयात पाठवून दिली.

दारात असिलकान उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"एजे, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली.

तिचा चेहरा मला बघवला नाही. सांगून टाकावंसं फार वाटत होतं. पण भिंतीपलीकडे तेमिरकान बायके होते आणि असिलकानला गुपित पोटात ठेवता येत नाही, हे सगळ्या संस्थेला माहीत आहे.

"उद्या सकाळी संचालकांच्या खोलीत ये," मी म्हटलं. "ते बूट घालून ये."

ती पाठ फिरवून निघून गेली.

६

सकाळी खोलीत सहा जणं होतो. संचालक, तेमिरकान बायके, लिदिया फ्योदोरोव्ना, वितालिक, असिलकान आणि मी. अर्चालीला न्यायची गाडी खाली उभी होती.

"वाचा निष्कर्ष," संचालक म्हणाले.

"दोऱ्याला कुणी हात लावलेला नाही," मी सुरुवात केली. "पान बदललेलं नाही. एर्किन सागिनोविचांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे."

असिलकानने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"म्हणून आता आठवं पान उघडा."

संचालकांनी उघडलं. मी म्हटलं, "माथ्यावर काय आहे?"

"प्रकरण तीन. धोका."

"आणि पानावर?"

त्यांनी बोट पानावरून खाली खाली नेलं. लिदिया फ्योदोरोव्नांनी मान लांब करून पाहिलं आणि त्यांच्या घशातून विचित्र आवाज आला. अख्ख्या खोलीत त्यांना आणि वितालिकलाच तेव्हा काय ते कळलं होतं.

"पट्टीत त्या प्रकरणाचं नाव येतं, जे त्या पानाच्या पहिल्या ओळीत चालू असतं," मी म्हटलं. "ज्या क्षणी बटण दाबलं त्या क्षणी तिसरं प्रकरण, म्हणजे धोका, सातवं पान संपवून आठव्यावर सांडलेलं होतं. म्हणजे ते लांब होतं. अर्धं पान इशारा होता त्यात. असिलकानचा मसुदा लावून वितालिकने माझ्यासमोर बटण दाबलं, आठव्या पानावर हीच पट्टी आली. दोन ओळींचा मजकूर घालून दाबलं, तर पट्टीत मोजणीच्या नोंदी आल्या. पट्ट्या फक्त आवक-जावकच्या यंत्रावर पडतात आणि असिलकान त्या खोलीत कधी गेलेली नाही. तिने खिडकीतून दिला तो खरा अहवाल. इशारा कापला गेला तो पट्ट्या पडल्यानंतर आणि छपाईच्या आधी. लिदिया इथे बसून घोड्याची गोष्ट ऐकत होती तेव्हा."

"म्हणजे हा," संचालकांनी बोट वितालिककडे केलं. "किल्ली याच्याकडे, यंत्र याचं!"

वितालिक पांढराफटक पडला.

"त्याने केलं असतं तर बटण पुन्हा दाबलं असतं," मी म्हटलं. "पट्टी थिजलेली असते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत आहे? लिदियाने केलं असतं, तर तिनेही दाबलं असतं. ती झोपेतही दाबते. हे काम अशा माणसाने केलंय, ज्याला वाटतं की—"

"पण ती तर आपोआप बदलायला हवी होती!" तेमिरकान बायके ओरडले.

बायकेंचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उमटलं, आणि त्यांनी संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मला यांनीच सांगितलं," बायके पुटपुटले. "म्हणाले, मी बाईला बसवून ठेवतो, तुम्ही एवढं आटपा."

एर्किन सागिनोविच मोठे खमके. त्यांनी घाम पुसला नाही की आवाज चढवला नाही. "ठीक," ते म्हणाले. "लिदिया फ्योदोरोव्ना, दोन्ही प्रतींचा दोरा कापा. मंत्रालयातली मी मागवून घेतो. आठवं पान नीट छापा, पुन्हा शिवा. शिक्का घ्या. कालिपा तुर्दुएव्ना, तुम्ही दमला आहात, सुट्टीवर जा."

लिदिया फ्योदोरोव्ना उठल्या. टेबलावर त्यांची कात्री होती. त्यांनी ती उचलली, पर्समध्ये टाकली आणि पर्स बगलेत घट्ट धरली.

"मी शिवते," त्या म्हणाल्या. "उसवत नाही."

"मी हुकूम देतोय!"

"द्या की. मला बसा म्हणालात त्या दिवशीच मी उठून जायला हवं होतं."

मी म्हटलं, "आणि कापाल तरी कसे? तुमचा दाखला मंत्रालयात पोचलाय, पान बदलणं सर्वथा अशक्य आहे म्हणून. दोरा कापलात तर दाखला खोटा. नाही कापलात तर अहवाल खोटा. दाखल्यावर सही तुमची, शिक्का दोन्हींवर तुमचा. काय हवं ते निवडा."

"उद्यापासून तुम्ही इथे नाही."

"नसेन. आज आहे ना? ती गाडी मी नेते."

असिलकान माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती भयंकर चिडलेलीही होती.

"एजे, काल सांगितलं असतंत तर मेले असते का मी?"

"तू नसतीस मेली. तू बायकेंना खिडकीतून खाली फेकलं असतंस. चल."

७

अर्चालीच्या शाळेत माणूस मावत नव्हता. कल्पाक, म्हणजे उंच लोकरी टोप्या, घातलेले म्हातारे पुढे, बायका मागे, पोरं दारात. मंत्रालयातला तोच गालात हसणारा अधिकारी आपली प्रत घेऊन बसला होता.

असिलकानने ती त्याच्या हातून मागून घेतली, आठवं पान उघडलं आणि सगळ्यांना दिसेल अशी धरून लोकांमधून फिरवली. पट्टी काय असते, ती कधी पडते, कोण बसलं होतं आणि कोण बोलून गेलं, सगळं तिने सांगितलं. मग कापलेला इशारा, एकही ओळ न गाळता, खड्या आवाजात वाचला. तिला कागद बघावा लागला नाही.

संचालकांचा दाखलाही मी वाचून दाखवला. एक म्हातारा इतका हसला की शेजाऱ्याने त्याच्या पाठीत थापट्या मारल्या.

अधिकारी हसत नव्हता. त्याने घसा साफ केला. "विषय गंभीर आहे. कागदपत्रं तपासावी लागतील. तूर्त सुनावणी तहकूब."

"आणि काम?" मागून एका आजीने विचारलं. तिचं नाव सोनुन. "काम तहकूब का?"

"कामाबद्दल मला आज काही सांगता येणार नाही. लेखी आदेश निघेपर्यंत कंत्राटदाराला मी थांबवू शकत नाही."

मला कायदा कळतो. तो खोटं बोलत नव्हता. आदेश निघायला उन्हाळा उजाडला असता आणि तोवर पाया भरून भिंती उभ्या राहिल्या असत्या. एकदा भिंती उभ्या राहिल्या की मग कुणी त्या पाडत नाही. मला हरल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचा भयंकर संताप आला.

सोनुन आजीने असिलकानला विचारलं, "पोरी, लोंढा नेमका कुठून येईल? दाखव चालून."

असिलकान निघाली. अख्खी शाळा तिच्यामागे निघाली. ती कोरड्या नाल्यात उतरली आणि दगडांतून चालत चालत थेट शिबिराच्या जागेवर आली. तिथे कंत्राटदाराच्या माणसांनी लाल चिंध्या बांधलेल्या लाकडी खुंट्या ठोकून पाया आखला होता. झोपायच्या खोल्या कुठे, भटारखाना कुठे, सगळं खुंट्यांवर लिहिलेलं होतं. असिलकान त्यांच्या मधोमध उभी राहिली.

"इथून," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावरून."

सोनुन आजीने वाकून 'झोपायची खोली' लिहिलेली खुंटी हलवून हलवून उपटली आणि बगलेत मारली.

"वाळलेलं लाकूड आहे," ती म्हणाली. "चहा छान होईल."

मग दुसरी बाई वाकली. मग कल्पाकवाले. पोरं तर पैज लावून तुटून पडली. अधिकारी धावत आला, त्याचे शहरी बूट दगडांत घसरत होते.

"हे बेकायदेशीर आहे! खाजगी मालमत्ता आहे ही! अहो कायदा अधिकारी, सांगा ना यांना काहीतरी!"

मी त्याच्याकडे पाहिलं. मग पर्स एका दगडावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि समोरची खुंटी दोन्ही हातांनी धरली. ती कोपऱ्याची होती, खोल ठोकलेली, माझ्याने हलेना. असिलकान आली, तिने खिळ्यांच्या बुटाची टाच खाली रोवली, आणि आम्ही दोघींनी मिळून ती उपटून काढली.